ठोंब्याच्या आतले काका

अंतराळयानात पंखा कशाला लागेल, हा प्रश्न लेखकाने बैठकीत तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा निर्मातीणबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही. तीन कप पोटात गेल्यावर उत्तर आपोआप कळलं असावं. मालिकेचं यंदाचं अकरावं पर्व पंख्याच्या कंपनीच्या जिवावर निघणार होतं, आणि कंपनीची अट साधी होती. प्रत्येक भागात तिचा टेबलावरचा पंखा दिसावा, चालू दिसावा, आणि त्याच्यावरचं नाव लोकांना घरबसल्या वाचता यावं.

"अहो, बाहेर नुसती पोकळी आहे," लेखक कपड्यांच्या खोलीत येऊन सुईताईसमोर गाठोड्यावर बसला. "आत खिडकी नाही, ऊन नाही. कप्तानाला उकडायचं कशानं?"

"दिव्यांनी," सुईताई मान वर न करता म्हणाली. "इथे सगळ्यांनाच उकडतं. तुम्ही लिहायला बसता तिथेच काय तो गारवा असतो."

सुईताई म्हणजे मालिकेचे कपडे शिवणारी, उसवणारी, धुणारी आणि पुन्हा शिवणारी बाई. वय चाळिशीच्या अलीकडे, गळ्यात कायम मापाची टेप, बोटं टोचून टोचून निबर झालेली. लेखक आपलं रडगाणं तिच्याकडेच घेऊन यायचा, कारण ती हात न थांबवता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एखादं तिरकस वाक्य बोलून त्याला कामाला लावायची.

मालिका जुनी होती, लाडकी होती आणि कायम कडकीत होती. यानाचे दरवाजे सर्रकन उघडायचे ते दोन सुतार दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढायचे म्हणून. एकाची तंद्री लागली की अर्धाच दरवाजा उघडायचा आणि कप्तान आडवा होऊन आत शिरायचा. तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं. नियंत्रणकक्षातली बटणं ही बाटल्यांची झाकणं. परग्रह आजवर चौदा झाले होते, पण सगळेच्या सगळे गावाबाहेरच्या एका वाळूच्या खाणीत. कधी भिंगाला तांबडी काच लावायची, कधी हिरवी. बघणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. तरी दर आठवड्याला हातातली कामं टाकून ते बघायला बसायचे, आणि ते काही कप्तानासाठी नव्हे. ते ठोंब्यासाठी बसायचे.

ठोंब्या हा यानावरचा यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव काही अक्षरं आणि काही आकडे असं होतं, पण पहिल्याच भागात कप्तान चिडून त्याला ठोंब्या म्हणाला आणि ते त्याला चिकटलं. पाणी तापवायच्या बंबाचं जुनं कवच उभं कापून त्याचं धड केलेलं, मागे लांब चेन, आत जाड कापडाचं अस्तर, वर बादलीचं डोकं. चालायचा तो एकेक पाऊल विचार करून. वाकायच्या आधी क्षणभर थांबायचा. यानावर कुणी रडत असलं की जवळ येऊन नुसता उभा राहायचा, बोलायचा नाही, हात लावायचा नाही. तेवढं बघून घरोघरी लोक पदर-रुमाल शोधायचे.

त्या कवचाच्या आत सुईताईचे वडील असायचे. सगळे त्यांना आतले काका म्हणायचे. बाहेर बसून चहा पीत असले तरी आतले काकाच.

काकांनी उभा जन्म नाटकात काढला होता आणि तोही बहुतेक पाठमोरा. पत्र आणून देणारा, दार उघडणारा, तिसऱ्या अंकात मेलेला सापडणारा. मालिका सुरू झाली त्या वर्षी सुईताईची आई गेली होती. घरात बाप-लेक दोघंच उरली, आणि दोघांत मिळून बोलायला एक विषय नव्हता. जेवताना ताटांचाच काय तो आवाज. मग तीन माणसं घालून पाहिली तरी ठोंब्या कुणाला बसेना, तेव्हा सुईताईच निर्मातीणबाईंना म्हणाली, "माझ्या बाबांना बघता का? त्यांना उभं राहायला फार छान येतं." ठोंब्या काकांना असा बसला की चेन एका हाताने वर गेली. ज्याला ठोंब्या बसेल तो ठोंब्या, असा तेव्हापासून तिथला नियमच झाला. आणि त्या दिवसापासून बाप-लेक एकाच बसने कामावर येऊ लागली आणि येता-जाता ठोंब्यावरून भांडू लागली. डावा गुडघा अडकतो, मान लवते, तू हे शिवलंयस की बांधलंयस? हा एक विषय दोघांना इतकी वर्षं पुरला.

चालायचं दृश्य असलं की सुईताई कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा बाहेर, ठोंब्याच्या पुढे तीन पावलांवर, उलटी चालत जायची. बाबा पडलेच तर धरायला. तिथे पायांचा आवाज चालत नसे, म्हणून ती कापडी सपाता घालायची, आणि त्या दर पर्वाच्या पहिल्या दिवशी बाबा आणून द्यायचे. पहिल्या वर्षीच्या चांगल्या तपकिरी होत्या. पुढे त्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, दर वर्षी पिवळ्याधमक.

"बाबा, जगात दुसरा रंग नाही का हो?"

"तुला शोभतो."

"पायांना?"

"पायांनाच."

आपल्या बापाला रंगातलं ओ की ठो कळत नाही, असं ठरवून सुईताईने तो नाद सोडला होता.

पंखा ठरला त्याच बैठकीनंतर निर्मातीणबाई कपड्यांच्या खोलीत आल्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर उभ्या उभ्या सांगून गेल्या असत्या; त्या गाठोड्यावर बसल्या आणि बराच वेळ टाचणीच्या डबीशी खेळत राहिल्या.

"यंदा ठोंब्याला नुसता उभा करावा म्हणते," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात. डोळ्यांतले दिवे उघडझाप करतील, काका मागून आवाज देतील. गेल्या वर्षी एकेका चालण्याला सात-सात वेळा घ्यावं लागलं गं. अर्धा दिवस त्यातच जातो."

"म्हणजे आत कुणी नाही?"

"पहिला आठवडा बघू. काकांना जमलं तर माझी कुठे ना आहे? पण माप बसायला हवं. नवा ठोंब्या करण्याएवढं यंदा काहीच नाही आपल्याकडे."

रिकामा ठोंब्या सुईताईच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि हातातली सुई सरळ अंगठ्यात गेली. बाबांना हे सांगायची तिची छाती झाली नाही. ते निर्मातीणबाईंनी स्वतःच सांगितलं. काका ऐकून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि त्या दिवशी परतताना बसमध्ये त्यांनी गुडघ्याबद्दल भांडण काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मापं होती. प्रत्येक पर्वाच्या आधी सगळ्यांची मापं घेऊन वहीत लिहायची आणि ती वही कचेरीत द्यायची, ही पद्धत. मधल्या सुट्टीत काकांना ताप आला होता आणि तो महिनाभर रेंगाळला होता. सुईताईने त्यांच्या छातीभोवती टेप फिरवली. टेपेचं टोक गेल्या वर्षीच्या खुणेच्याही पुढे निघून गेलं, चांगलं चार बोटं.

"किती?" काका भिंतीकडे बघत म्हणाले.

"तेवढीच. जशीच्या तशी."

"बघ!" ते म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा चमत्कारिक लागला.

तिने वहीत गेल्या वर्षीचा आकडा लिहिला. गेल्या वर्षी तिने त्याच्या आदल्या वर्षीचा लिहिला होता. असं पाच वर्षं चाललं होतं. दर वर्षी बाबा थोडे आटायचे, दर वर्षी ती ठोंब्याच्या अस्तराआड स्पंजचा एक पातळ थर शिवायची, त्याच्या बुटात एक लाकडी चकती सरकवायची, आणि दर वर्षी बाबा आत शिरून म्हणायचे, "वा! कालच काढून ठेवल्यासारखा बसला." एवढं वाक्य ऐकायला मिळत असेल तर खोटं लिहिण्यात तिला काडीचंही वावगं वाटत नव्हतं. यंदा दोन थर लागले. खांदे, पाठ, कंबर, सगळीकडे.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी पंख्याच्या कंपनीतून एक बाई आल्या. तासाभरात त्यांचं नाव पंखेबाई पडलं. बरोबर तीन पंखे, हातात सेकंद मोजायचं घड्याळ, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. त्यांचंही हे पहिलंच काम होतं.

दृश्य छोटं होतं. कप्तान टेबलाशी हताश बसलाय. दूरच्या दारातून ठोंब्या चालू पंखा हातात घेऊन येतो, बारा पावलं चालून तो टेबलावर ठेवतो. कप्तान विचारतो, "हे काय?" ठोंब्या म्हणतो, "वारा." बस्स.

"दहा पर्वांत मी इतकं चांगलं वाक्य लिहिलं नव्हतं," लेखक हळहळत म्हणाला, "आणि लिहावं लागलं ते पंख्यासाठी."

काका नेहमीसारखे आतला काळा पोशाख गळ्यापर्यंत चढवूनच आले. सुईताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

"बाबा, जरा भरलेले दिसताय."

"हवा मानवली."

"कुठली?"

"घरचीच की."

चेन वर जाईना. तिने गुडघा लावून ती ओढली. आपण स्पंज जरा जास्तच भरला वाटतं, असं तिच्या मनात आलं, पण आता उसवायला वेळ कुठला? बाहेरून तिसऱ्यांदा हाक आली होती.

"घट्ट होतोय का?"

"छे! कालच काढून ठेवल्यासारखा," बादलीतून उत्तर आलं, पण फार लांबून आल्यासारखं.

पहिल्या वेळी पंख्याची वायर दारात अडकली. दुसऱ्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने कप्तानाच्या टोपाचे केस उलटे झाले. तिसऱ्या वेळी सुताराची तंद्री लागली आणि अर्धं दार उघडलं. या सगळ्या वेळात ठोंब्या दिव्यांखाली उभाच होता. चेन उघडून पुन्हा लावायची म्हणजे आणखी पाव तास गेला असता, आणि निर्मातीणबाई भिंतीला टेकून बघत होत्या. "चालेल मला," बादली म्हणाली. सुईताईने ते ऐकलं आणि ऐकून गप्प राहिली. पुढे कित्येक दिवस तिला याचंच वाईट वाटत होतं.

चौथ्या वेळी सगळं जमून आलं. दार सर्रकन उघडलं, ठोंब्या पंखा घेऊन निघाला, आणि पिवळ्या सपाता त्याच्यापुढे तीन पावलांवर मागे मागे सरकत राहिल्या. सहा पावलं छान पडली. सातव्याला ठोंब्या थांबला. मग त्याचे हात हळूहळू फिरले आणि पंख्याचं तोंड त्याने स्वतःच्या गळ्याच्या जाळीकडे वळवलं.

"नाव! नाव तिकडे गेलं!" पंखेबाई कुजबुजल्या.

दिग्दर्शकाने हातानेच त्यांना थांबवलं. कॅमेरा चालू राहिला. इतक्या वर्षांत ज्याने स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नव्हतं, तो ठोंब्या मान मागे टाकून वारा पीत होता. कप्तानसुद्धा आपलं वाक्य विसरून बघत बसला.

"काय नट आहे हा माणूस!" लेखक पुटपुटला.

सुईताईला तो अभिनय वाटला नाही. तिला तिचे बाबा माहीत होते. लिहून दिलेलं नाही असं त्यांनी आजवर काही केलं नव्हतं. त्यांना मेलेल्या माणसाचं काम दिलं तर ते श्वाससुद्धा विचारून घ्यायचे.

ती सरळ चौकटीत शिरली. कुणीतरी ओरडलं, तिने लक्ष दिलं नाही. पंखा काढून कप्तानाच्या हातात कोंबला, ठोंब्याला मागून कवेत घेऊन खाली बसवलं आणि चेन ओढली. चेन अर्ध्यात तुटली. दाबून भरलेला स्पंज फाटलेल्या अस्तरातून भसाभस बाहेर आला, आणि त्याच्यामागून पांढरेफटक पडलेले, घामाने निथळणारे काका तिच्या मांडीवर कलंडले. तिने काळ्या पोशाखाचा गळा सैल केला. आत एक स्वेटर होता. त्याच्या आत आणखी एक स्वेटर होता, राखाडी, आईने विणलेला.

कुणीतरी पाणी आणलं. पंखेबाई घड्याळ टाकून धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि पंखा हातात धरून काकांना वारा घालू लागल्या. कंपनीचं नाव जमिनीकडे होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. काकांच्या तोंडावर रंग यायला पाच-सात मिनिटं लागली. ती पाच-सात मिनिटं सुईताईने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक.

"बाबा, दोन दोन स्वेटर? या दिव्यांत? वेड लागलंय का तुम्हाला?"

"तू माप चुकलीस, ठमे," काका धापा टाकत म्हणाले. तिला ते लहानपणापासून ठमी म्हणत. "पट्ट्याला मी चार नवी भोकं पाडलीत आणि तू म्हणतेस, जशीच्या तशी. डोळे अधू झालेत तुझे. आता हिच्या चुका काढत बसलो तर हिलाही घरी बसवतील, म्हटलं. आत खुळखुळायला नको म्हणून भरून आलो."

"मी चुकले नव्हते, बाबा."

तिने जमिनीवरचा स्पंज उचलून त्यांच्या हातात दिला. थरावर थर शिवलेले होते. जुने पिवळे पडलेले, वरचे कोरे. काकांनी ते अंगठ्याने मोजल्यासारखे चाचपले.

"कधीपासून?"

"पाच वर्षं."

"आणि मला वाटत होतं, मी टिकून आहे," काका म्हणाले.

एकमेकांना कळू नये म्हणून दोघं दोन बाजूंनी ठोंब्यात भर घालत राहिली होती आणि मधल्या मध्ये म्हाताऱ्याचा जीव जायची वेळ आली होती. हे आधी काकांच्या लक्षात आलं. ते हसायला लागले. सुईताईला हसू आलं नाही. ती आईच्या स्वेटरच्या बाहीत तोंड घालून सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर तिला संताप आला. ती उठली ती थेट निर्मातीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"दर वर्षी मागतेय मी. ठोंब्याच्या आत एक लहानसा पंखा बसवा, माणूस शिजतो आत. दर वर्षी उत्तर काय? खर्चात बसत नाही." मग ती पंखेबाईंकडे वळली. "तुम्हाला पंखा दिसायला हवा ना? याच्या छातीत बसवा. समोर जाळी, जाळीवर तुमचं नाव. हा जाईल तिथे तुमचं नाव जाईल. काय मोजायचे ते सेकंद मोजत बसा."

मग लेखक जागचा उडाला.

"तापतो! ठोंब्या विचार करताना तापतो! इतकी वर्षं थांबून थांबून चालतो तो काय उगाच?"

पंखेबाई अजून खालीच बसल्या होत्या. "मला तर तो यंत्रच वाटत होता," त्या हळूच म्हणाल्या. "मग त्याने पंखा स्वतःकडे फिरवला आणि मला रडूच आलं. वर विचारते मी. हो म्हणतील." निर्मातीणबाईंनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

ठोंब्या वाचला. चालणारा, बाराच्या बारा पावलं टाकणारा ठोंब्या वाचला. पण डॉक्टरांनी काकांना त्याच्या जवळपास फिरकू नका म्हणून बजावलं, आणि तेवढं वजन आणि तेवढा उकाडा आता नाही हे सांगायला डॉक्टर लागतच नव्हते. सुईताईने कचेरीतून वही मागवली, पाच वर्षांचे आकडे खोडले आणि खरे लिहिले. काका तिच्या खोलीत गाठोड्यावर बसून तिच्याकडे बघत होते.

"आवाज तुमचाच राहणार आहे, बाबा," ती म्हणाली. "निर्मातीणबाईंनी शब्द दिलाय."

"आवाज काय, तो नंतर त्या बंद खोलीत बसून द्यायचा. तिथे तू कुठे असतेस?"

सुईताईचा हात थांबला. असं काही बाबा कधी बोलत नसत.

"तुझी आई गेल्यावर मला वाटलं होतं, आता आपण दोघं एका घरात राहून एकमेकांना पाहुण्यासारखी होणार," काका म्हणाले. "मग हा आला. याच्या आत मला कधी एकटं वाटलं नाही. तू पुढे असायचीस ना. आता रोज सकाळी तू बसने निघशील आणि मी दारापर्यंत येऊन परत फिरेन. तेवढंच मला नको होतं. बाकी ठोंब्याचं काय, पत्राच तो."

"मलाही तेच नको होतं," ती वहीकडे बघत म्हणाली. "म्हणून तर खोटं लिहीत गेले."

मग काका उठले, त्यांनी तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि म्हणाले, "ऊठ. हात वर कर."

"काय चाललंय?"

"करते आहेस की नाही?"

त्यांनी टेप उलटी धरली, मग सुलटी केली. तिची छाती मोजली, कंबर मोजली, दाराच्या चौकटीला उभी करून उंची मोजली. सुईताई आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेत आली होती. तिचं माप घेणारं आजवर कुणी नव्हतं. काका आकडे पुटपुटत वहीपाशी गेले आणि तिने नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. बोटभर इकडे, बोटभर तिकडे, आकडे तेच होते.

"पाच वर्षं माझ्यासाठी म्हणून शिवत होतीस," काका म्हणाले, "आणि शिवत आणलास तो तुझ्या मापाचा. ज्याला ठोंब्या बसेल तो ठोंब्या. नियम आहे."

"मला नाही येत तसं चालायला!"

"तुला चालायला शिकवलं कुणी? मीच ना? पुन्हा शिकवेन. आता तर तू तेव्हाएवढं रडणारही नाहीस."

आठ दिवस बाप-लेक जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या यानात चालत होती. एकेक पाऊल विचार करून. वाकायच्या आधी थांब. घाई करू नकोस, त्याला कुठे बस पकडायचीय? कवच तेवढे दिवस सुताराकडे होतं, त्यामुळे ती चालली ती अंगावरच्या साध्या कपड्यांत, उघड्या डोळ्यांनी. नवव्या दिवशी ठोंब्या आला. छातीत गोल जाळी, जाळीवर कंपनीचं नाव, आणि नवी कोरी चेन.

चेन बाबांनी लावली. बादली डोक्यावर बसली आणि सुईताई अंधारात गेली. आत बाबांच्या गुडघ्याच्या मलमाचा वास होता. छातीतला पंखा घरघरला आणि वारा हनुवटीवरून वर आला. छान गार होतं. मग तिने बघायला डोळे उघडले.

काहीच दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या भोकांत दुसऱ्या पर्वापासून दिवे होते, हे तिला माहीत होतं. तिनेच त्यांच्याभोवती कापड शिवलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, गळ्याच्या जाळीतून दिसतं ना, बाबा? आणि ते म्हणाले होते, "लख्ख!" बादली हातात धरून तिने स्वतःही त्या जाळीतून पाहिलं होतं, पलीकडची खिडकी दिसली होती. डोक्यात घातल्यावर जाळी तिरकी खाली जाते आणि तिच्यातून तीन पावलांवरची वीतभर जमीन दिसते, बाकी कप्तान, टेबल, दार, भिंत, काही म्हणजे काही दिसत नाही, हे आत शिरल्याशिवाय कळणारं नव्हतं. नऊ वर्षं बाबा असे चालले होते. असे वाकले होते, असे रडणाऱ्या माणसाशेजारी अचूक जाऊन उभे राहिले होते. नऊ वर्षं लख्ख!

"चला!" बाहेरून दिग्दर्शकाचा आवाज आला. दार सर्रकन उघडलं.

सुईताईचे पाय हलेनात. बारा पावलं, तिसऱ्यापाशी वायर, नवव्यापाशी टेबलाची कड, सगळं पाठ होतं आणि काहीच आठवत नव्हतं. खाली नुसती करडी जमीन होती. करड्या जमिनीवर करडी सावली, काय कुठे संपतं कळत नव्हतं.

मग त्या वीतभर जमिनीत काहीतरी पिवळं आलं.

तिच्या गेल्या वर्षीच्या सपाता होत्या. आत बाबांची पावलं होती, मावत नव्हती, टाचा मागे जमिनीला टेकलेल्या. सगळ्या करड्यात तेवढाच एक रंग होता आणि तो लख्ख दिसत होता. जगात दुसरा रंग नाही का, असं ती दर वर्षी विचारत आली होती, आणि दर वर्षी ते म्हणाले होते, तुला शोभतो.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आत पुसायला हात पोचत नाही. तिने पुसलंही नाही, पंखा आपला वाळवत राहिला.

पिवळ्या सपाता एक पाऊल मागे सरकल्या आणि थांबल्या. ठोंब्याने एक पाऊल पुढे टाकलं.